सिंकचा पाइप संडासाच्या लाइनीला जोडलाय आणि वास जात नाही? आधी हे तपासा

नागपुरात घर वाढतं ते वर आणि मागे. खाली आईबाबा, वर मुलगा-सून, म्हणून वरच्या मजल्यावर दुसरा ओटा निघतो. किंवा समोरचं स्वयंपाकघर मागच्या खोलीत जातं. नव्या ओट्यापासून सांडपाण्याची जुनी लाइन लांब पडते आणि भिंतीपलीकडेच संडासाचा चार इंची पाइप उभा असतो. मिस्त्री म्हणतो, "यातच जोडून देतो ना काकू, काही नाही होत." फरशी फोडायचा खर्च वाचतो, म्हणून काकूही हो म्हणतात.

काही आठवड्यांनी सुरू होतं. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की वास. वर कोणी फ्लश केला की खालच्या सिंकमध्ये गुडगुड. भांडी घासताना पाणी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. प्लंबर येतो, स्प्रिंग फिरवतो, पाइप मोकळा होतो, थोडे दिवस बरे जातात. पुन्हा फोन: "भाऊ, वास येऊनच राहिला." तोवर दुकानातली पुडी टाकून झालेली असते, उकळतं पाणी ओतून झालेलं असतं, लिंबाच्या सालीही झालेल्या असतात.

जे दुखणं असं फिरून फिरून येतं त्याचं मूळ बहुतेक घरांत जोडणीत सापडतं, आणि जोडणीतही पाण्यापेक्षा हवेच्या वाटेत. स्प्रिंग पाइपातला गोळा काढते. हवा कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे स्प्रिंगने बदलत नाही. म्हणून पुढच्या वेळी प्लंबरला बोलावण्याआधी थोडं स्वतः बघून ठेवा.

मुळात दोन पाइप का होते

जुन्या घराच्या मागच्या भिंतीवर दोन उभे पाइप दिसतील. एक चार इंची, संडासाचा, ज्याला सॉइल पाइप म्हणतात. तो वर गच्चीच्याही वर जातो आणि खाली थेट चेंबरमध्ये. दुसरा अडीच-तीन इंची, न्हाणी, बेसिन आणि सिंकचा. तो जमिनीलगत गल्ली ट्रॅपवर सुटतो आणि तिथून पाणी चेंबरकडे जातं. गल्ली ट्रॅपात कायम पाणी भरलेलं असतं, त्यामुळे चेंबरची हवा मागे फिरत नाही. म्हणून सिंकखाली ट्रॅप, म्हणजे असंच पाणी अडवून ठेवणारं वळण, नसला, नुसती सुरकुत्यांची नळी भोकात खुपसलेली असली, तरी वर्षानुवर्षं कोणाला कळत नसे. राखणदार खाली बसलेला होता.

तीच नळी तशीच संडासाच्या पाइपाला जोडली की रस्ता मोकळा होतो: गडर लाइन (रस्त्याखालची गटाराची लाइन), चेंबर, चार इंची पाइप, नळी, सिंकची जाळी. वास येतो, आणि झुरळंही त्याच वाटेने ओट्यावर येतात.

याचा अर्थ सिंक संडासाच्या पाइपाला जोडणं मुळातच चूक, असा घेऊ नका. बहुमजली इमारतींत सगळं एकाच उभ्या पाइपात घालणं रूढ आहे, आणि आयएस ५३२९ या भारतीय मानकात त्या पद्धतीची रीतसर माहिती आहे. पण तिथे अटी आहेत. प्रत्येक तोंडाला स्वतःचा ट्रॅप हवा, त्यात पुरेसं खोल पाणी हवं, उभा पाइप वर उघडा हवा, जोड योग्य उंचीवर आणि योग्य फिटिंगने हवा. आपल्याकडे जोड तेवढा उचलला जातो, अटी सुटतात.

वास नेमका कधी येतो, ते आधी लिहून ठेवा

तीन-चार दिवस नुसतं लक्ष ठेवा. यातून जेवढं कळतं तेवढं भिंत फोडूनही कळत नाही.

रात्रंदिवस, एकसारखा वास असेल तर ट्रॅप नाही, किंवा ट्रॅपला वळसा घालून कुठेतरी फट आहे. फ्लशनंतर, बादली ओतल्यानंतर किंवा वरच्यांची वॉशिंग मशीन रिकामी झाल्यावर येत असेल, तर ट्रॅप आहे पण त्यातलं पाणी ओढलं जातंय. मे महिन्यात लग्नांसाठी घर बंद ठेवून गावाला गेलात आणि परतल्यावर घरभर वास भरलेला असेल, तर पाणी वाळलं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की न वापरलेल्या न्हाणीचा उथळ ट्रॅप सुकायला फार दिवस लागत नाहीत. ते दुरुस्तीचं काम नव्हे. तांब्याभर पाणी ओता, वास जाईल. पुढच्या वेळी निघताना पाण्यावर चमचाभर गोडंतेल सोडा, पाणी हळू उडतं.

एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी चालू असतानाच वास येत असेल तर तीही खूण आहे. दारं-खिडक्या लावून फॅन फिरवला की तो हवा बाहेर फेकतो, आणि आत यायला जी वाट मिळेल तिथून हवा घेतो. ट्रॅप कमजोर असला तर ती वाट सिंकमधून जाते. खिडकी उघडून बघा. वास कमी झाला तर फॅन निर्दोष, ट्रॅपाकडे वळा.

कूलरचं प्रकरण याच्या उलट आणि खास आपल्याकडचं. उन्हाळ्यात कूलर लावला आणि वास सगळ्या खोल्यांत पसरला, तर सिंकला दोष देण्याआधी बाहेर जाऊन बघा. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. वरचा मजला चढवताना संडासाच्या पाइपाचं तोंड कूलरच्या खिडकीजवळच सोडलेलं असेल, तर कूलर तोच वास खसाच्या टट्टीतून गाळून घरात आणतो. पाइप उंच नेला की प्रश्न संपला; सिंकला हातही लावावा लागत नाही.

भांडी घासताना तेवढाच आंबूस वास असेल तर तो गडरचा नाही, सिंकच्या जाळीखाली आणि ओव्हरफ्लोच्या नळीत साचलेल्या खरकट्याचा आहे. हा भाग ट्रॅपच्या वर असतो, ट्रॅप कितीही चांगला असला तरी त्याला अडवत नाही. जुना टूथब्रश आणि साबण, बस.

ओट्याखाली बॅटरी घेऊन बसा

आता ट्रॅप. सिंकखाली बाटलीसारखा गोल भाग असेल तर तो बॉटल ट्रॅप. नळी खाली जाऊन वर वळून भिंतीत शिरत असेल तर पी ट्रॅप. दोन्ही नसून नुसती सुरकुत्यांची नळी असेल, तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

काही मिस्त्री त्या नळीलाच वळण देऊन तारेने बांधतात आणि "झाला ट्रॅप" म्हणतात. वळणात पाणी राहतं खरं, पण तार सैल झाली की वळण जातं. शिवाय सुरकुत्यांत तेल आणि पीठ असं बसतं की ती नळी दर काही महिन्यांनी बदलावीच लागते. नळी काढून कडक पीव्हीसीचा ट्रॅप बसवणं हा या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल आहे.

बॉटल ट्रॅप घेताना दुकानदार बेसिनचा ३२ मिमीचा देतो. तो सिंकला नका लावू. तिथे भाताची शितं, चहाची पत्ती, कढीपत्ता जाणार आहे. ४० मिमीचा मागा, आणि पी ट्रॅप मिळाला तर तोच घ्या, कारण बाटलीच्या बुडाशी गाळ जास्त बसतो. ट्रॅपात अडून राहणाऱ्या पाण्याची खोली निदान ५० मिमी हवी. संडासाच्याच उभ्या पाइपात जोडायचं असेल तर ७५ मिमी, कारण तिथे ओढ जास्त. दुकानात सजावटीचे चकचकीत ट्रॅप असतात, त्यात कधी कधी दोन बोटंही पाणी राहत नाही. स्केल घेऊन जा, लाजू नका.

ट्रॅप आहे आणि तरी वास आहे? मग या दोन जागा बघा. पहिली, ट्रॅपची नळी भिंतीतल्या पाइपात शिरते ते तोंड. तिथे रबराचा बुच हवा, पण बहुतेक ठिकाणी नळी सैल लटकलेली असते किंवा भोवती पिशवीचा बोळा कोंबलेला असतो. सगळा वास त्या रिंगणातून येतो. दुसरी, आरओची नळी. फिल्टर बसवणारा माणूस वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी त्याच भोकात खुपसून जातो. ती ट्रॅपच्या पुढे शिरते, म्हणजे ट्रॅपला वळसा मिळतो. आरओची नळी सिंकमध्येच सोडा, किंवा ट्रॅपच्या आधीच्या बाजूला जोड असलेली वेस्ट कपलिंग (सिंकच्या भोकात बसणारी जाळीची जोडणी) घ्या.

उलटा प्रकारही दिसतो. सिंकखाली बॉटल ट्रॅप, त्याचं पाणी पुढे ओट्याखालच्या जुन्या न्हाणी ट्रॅपात. दोन ट्रॅप म्हणजे दुप्पट बंदोबस्त, असं वाटतं. होतं असं की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते, ती पुढे जाऊ शकत नाही, मागे बुडबुड करत येते आणि पाणी संथ उतरतं. एका वाटेवर एकच ट्रॅप.

ट्रॅपातलं पाणी ओढलं जातं का, याची परीक्षा घरी होते. सिंकमधून मगभर पाणी सोडून ट्रॅप भरा. वरच्यांना सांगा, दोन-तीनदा फ्लश करा. मग खाली बादली धरून बॉटल ट्रॅपची वाटी हळूच उघडा. वाटी काठोकाठ भरलेली निघायला हवी. अर्धी निघाली तर वास कुठून येतो ते कळलं. वाटी परत लावताना आतला वॉशर सरळ बसला का ते बघा. तो दुमडून राहिला की खाली थेंब आणि वर वास, दोन्ही सुरू होतात.

गच्चीवर चढा

फ्लशचं पाणी चार इंची पाइपातून खाली पडतं तेव्हा ते पाइपातली हवा ढकलत नेतं. त्याच्या मागे हवेची कमतरता होते, पुढे दाब वाढतो. मागची कमतरता भरायला हवा वरून यावी म्हणून तो पाइप गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो, डोक्यावर जाळीची टोपी असते, तिला काऊल म्हणतात. वरून हवा मिळाली नाही तर पाइप ती जवळच्या ट्रॅपातून ओढतो. सिंकची गुडगुड म्हणजे पाइपाने तुमच्या सिंकमधून घेतलेला श्वास.

म्हणून पाइपाचं वरचं तोंड बघायलाच हवं. मी जी तोंडं बघितली आहेत ती सिमेंटने बुजवलेली, प्लास्टिकची डबी उलटी घातलेली, नव्या स्लॅबखाली संपलेली, टिनाच्या शेडला टेकलेली, आत चिमणीने घरटं केलेली अशी होती. गच्चीवर वास येतो म्हणून कोणीतरी तोंड बंद करतं आणि तो वास खालच्या स्वयंपाकघरात पाठवतं. तोंड उघडा, पाइप माणसाच्या डोक्याहून उंच न्या, खिडकी-कूलरपासून दूर ठेवा. गुडगुडीच्या निम्म्या तक्रारी माझ्या मते इथेच मिटतात, एक फरशी न फोडता.

जुन्या इमारतींत चार इंची पाइपाशेजारी आणखी एक बारीक पाइप वर जाताना दिसतो आणि प्रत्येक मजल्यावर संडासाच्या वळणाला चिकटलेला असतो. तो पाणी वाहायला नसतोच, ट्रॅपांना हवा द्यायला असतो. रंगरंगोटीच्या वेळी "हा काही कामाचा नाही" म्हणून कापून टाकतात. तुमच्या इमारतीत तो कापलेला असेल आणि त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या असतील, तर शोध संपला.

पाइप वर नेणं शक्यच नसेल तर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह मिळतो: हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. सिंकच्या काठाहून उंच, हवा लागेल अशा जागी बसवावा. तो ओढीवरचा उपाय आहे, खालून येणाऱ्या दाबावर त्याचा काही उपयोग नाही. इमारतीच्या मुख्य पाइपाचं वरचं तोंड बंद करायला तो सबब होऊ शकत नाही.

ओढ आणखी एका कारणाने होते, आणि ते मिस्त्रीच्या चांगुलपणातून येतं. त्याला वाटतं, जेवढा उतार जास्त तेवढं पाणी पटकन जाईल. सिंकपासून उभ्या पाइपापर्यंतच्या आडव्या लाइनीला मीटरमागे २ ते अडीच सेंटिमीटर उतार पुरतो. बारीक पाइपाला खूप उतार दिला, की सिंक रिकामं होताना पाणी पाइप भरून धावतं आणि जाता जाता ट्रॅपातलंही घेऊन जातं. उतार फारच कमी असेल तर तेल बसतं. आडवी लाइन लहान ठेवा, निदान ५० मिमीची घ्या. ती लांबणार असेल तर ७५ ची.

जोड कसा केलाय, हे भिंत बोलते

बाहेरच्या भिंतीवर जोडाशी काळपट ओघळ, भिजलेला रंग, शेवाळ दिसलं तर समजा की चार इंची पाइपाला भोक पाडून त्यात बारीक पाइप खुपसलाय आणि भोवती एम-सील किंवा सिमेंट लावलंय. हा जोड दोन तऱ्हेने छळतो. खुपसलेलं टोक पाइपाच्या आत इंच-दोन इंच पुढे येतं आणि वरून येणारं सगळं त्याला अडकतं. म्हणूनच संडासही अधूनमधून तुंबतो. आणि लेप टिकत नाही. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर असलेला पीव्हीसी पाइप मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर पन्नाशीला सहज जातो. तीन मीटरच्या तुकड्याच्या लांबीत त्याने सुमारे ८ मिमीचा फरक पडतो. एम-सील एवढं ताणत नाही, चरकतं.

बरोबर रीत अशी: चार इंची पाइपाचा तुकडा कापून काढायचा आणि तिथे ११० बाय ७५ मिमीचा वाय (इंग्रजी Y च्या आकाराचा जोड) बसवायचा, किंवा ज्याची फांदी खालच्या दिशेने वळलेली आहे असा टी. बाजूच्या तोंडाला रिड्यूसर (मोठ्या तोंडाला बारीक पाइप जोडणारा तुकडा) लावून सिंकची लाइन घ्यायची. उभा पाइप दोन्ही टोकांना पक्का असतो, तो उचलून मधे फिटिंग शिरवता येत नाही. त्यासाठी सरकणारा रिपेअर कपलर लागतो. मिस्त्रीने तो आधीच आणलाय का विचारा, नाहीतर पाइप कापून झाल्यावर तो गांधीबागेच्या बाजारात जाईल आणि तोवर वरच्यांचा संडास बंद. रबर रिंगचे जोड असतील तर पाइप पूर्ण आत ठोकून पुन्हा १० मिमी मागे ओढायचा. उन्हाळ्यातल्या वाढीसाठी ती जागा असते. पाइप आयएस १३५९२ चा, टाइप बी घ्या. टाइप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी. दिसायला दोन्ही सारखेच, छापलेलं वाचा.

जोडाची जागा निवडताना संडासाच्या फांदीच्या बरोबर समोर, किंवा तिच्याखाली वीतभर अंतरात समोरच्या बाजूला, सिंकची फांदी घेऊ नका. फ्लश केला की मैला समोरच्या तोंडात शिरतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

वाय शेजारी डोअर टी किंवा उघडता येणारा बेंड टाकून घ्या. नंतर कधी तुंबलं तर झाकण उघडून काम होतं. ते झाकण टाइल्समागे जाऊ देऊ नका.

महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत उभा पाइप बिडाचा असतो, सांधे शिशाने भरलेले. त्यावर छिन्नी चालवली की तडा कुठे जाईल सांगता येत नाही. पूर्ण तुकडा काढून पीव्हीसी घालायचा आणि दोन्हीकडे बिडाला बसणारा रबराचा अ‍ॅडॉप्टर वापरायचा. राखाडी सिमेंटचा पाइप असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला कोरडं ग्राइंडर लावू देऊ नका. धूळ फुफ्फुसात राहते. ओला ठेवून, न कापता, सांध्यापासून सांध्यापर्यंतचा तुकडा उतरवून बदला.

तळमजल्याची गोष्ट वेगळी

खालच्या मजल्यावर ओढीपेक्षा दाब त्रास देतो. वरून पडणारं पाणी बुडाच्या वळणावर आपटतं, तिथे हवा कोंडते, आणि जवळ जोड असेल तर ती सिंकमधून फसफसत वर येते, कधी साबणाचा फेस घेऊन. तीन मजल्यांपर्यंतच्या घरात बुडाच्या वळणापासून दीड फुटाच्या आत कोणताही जोड घेऊ नये. जास्त मजले असतील तर अंतर वाढवावं. बुडाला एक काटकोनी बेंड असण्यापेक्षा ४५ अंशांचे दोन चांगले.

पण तळमजल्याचं सिंक असेल तर माझा सल्ला सरळ आहे: संडासाच्या पाइपाला जोडूच नका. मागच्या बाजूने जमिनीतून वेगळी लाइन काढा आणि गल्ली ट्रॅपवर सोडा. अंगण फोडावं लागेल, फोडा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले आणि कित्येक वस्त्यांत रस्ता वर, घर खाली अशी स्थिती झाली. जोराच्या पावसात रस्त्यावरचं गडरचं चेंबर भरलं की पाणी सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अशा खोलगट प्लॉटवरच्या घरांना याची कल्पना आली असेल. सिंक गल्ली ट्रॅपवर असलं तर उलटं आलेलं पाणी आधी अंगणात निघतं. संडासाच्या पाइपाला जोडलेलं असलं तर ते घरात निघू शकतं. चेंबरआधी उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावता येतो, पण तो उघडून साफ करत राहावा लागतो आणि ते कोणी करत नाही.

आणखी एक, काळ्या मातीवरच्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांसाठी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जमिनीतला पाइप तिच्यासोबत हलतो, मधे झोळ पडतो, आणि त्या झोळात तेल-पीठ साचत राहतं. घरातलं सगळं ठीक असूनही दर पावसाळ्यानंतर तुंबत असेल, तर शेवटचं चेंबर उघडून बघा. वरच्या चेंबरमध्ये ओतलेली बादली खालच्यात संथ, तुकड्यातुकड्यांत पोचत असेल तर पाइप बसलाय. नवा टाकताना खाली मुरूम किंवा वाळूचा थर द्यायला लावा.

तेलाबद्दल थोडंसं

सावजी रस्सा ज्या घरात होतो त्या घराच्या पाइपाची काळजी वेगळी घ्यावी लागते, यात वाद नाही. तर्री गरम असताना वाहते, डिसेंबरच्या थंड पाइपात थिजते, डालडा तर आणखी लवकर. कढई कागदाने पुसून मग घासा. खानावळ किंवा डब्यांचं काम घरातून करत असाल तर ओट्याखाली छोटा ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी पेटी) बसवा आणि तो दर आठवड्याला स्वतः उपसा.

उकळतं पाणी ओतण्याची सवय सोडा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास नरम पडतो. भाताचं वेळलेलं पाणी थोडं निवू द्या. कॉस्टिकची पुडी वापरलीच तर तिच्यावर दुसरं काही, विशेषतः ॲसिड, ओतू नका, आणि प्लंबर ट्रॅप उघडणार असेल तर त्याला आधी सांगा. त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो.

गडर लाइन नसेल तर

बेसा, हुडकेश्वरच्या पुढच्या अनेक लेआउटमध्ये अजून सेप्टिक टँकच आहे. तिथे संडासाच्या पाइपात सिंक जोडणं म्हणजे तेल, साबण आणि रोजचं शेकडो लिटर पाणी टाकीत घालणं. टाकीत मैला काही काळ थांबून कुजायला हवा. पाणी जास्त आलं की तो न कुजताच पुढे ढकलला जातो आणि शोषखड्डा भरतो. वर तेलाची साय जमते, ती बाहेरच्या तोंडाशी अडकते. कॉस्टिक गेलं तर कुजवणारे जिवाणूही मरतात. अशा घरी सिंकचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा जाळी बसवून बागेत. टाकी साफ करायची वेळ आली तर गाडी बोलवा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गडरमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथली हवा काही क्षणांत जीव घेते.

भिंत बंद करण्याआधी

मिस्त्रीला घाई असते. "होऊन जाते काकू, टेन्शन नका घेऊ," म्हणत तो सिमेंट कालवायला घेतो. थांबवा. सिंकला बुच लावून काठोकाठ भरा, बुच काढा आणि त्याच क्षणी वर दोन संडासांत एकदम फ्लश करायला सांगा. ओट्याखाली बसून ऐका. शेवटी एक हलकी घुळूक आली तर चालेल. लांब गुडगुड आली तर हवेचं काम बाकी आहे. जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवा, दहा मिनिटांनी बोटाने चाचपा. सिंकच्या तोंडाशी उदबत्ती धरा, फॅन बंद करून आणि मग चालू करून. धूर सिंकपासून दूर लोटला जात असेल तर खालून हवा येतेय. उदबत्ती फक्त सिंकपाशी, चेंबर किंवा टाकीच्या तोंडाशी कधीही नाही, तिथे पेट घेणारा वायू असतो.

हे सगळं पार पडलं तरी एक रात्र तसंच उघडं राहू द्या. सकाळी उठून आधी स्वयंपाकघरात जा, मग मिस्त्रीला प्लॅस्टरचं सांगा आणि मजुरीचे उरलेले पैसे द्या.